रॉक बँड आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा एकाच अल्बममध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँडची गाणी बसलेली आहेत आणि आता त्यात खरी व्हायोलिनं, हॉर्न, टिंपनी हवी आहेत, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नसेल तरी बहुतेक उत्तरं कळतील. जिथे येणं गरजेचं आहे तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

हे पहिल्यांदा कुणी केलं, आणि आज ते ऐकून काय शिकायचं?

‘पहिलं कोण’ हा वाद सोडा. शिकण्यासारखे चार नमुने आहेत आणि चौघांची पद्धत वेगळी आहे.

मूडी ब्लूजचा १९६७ चा ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’. यात पीटर नाइट यांनी लिहिलेला ऑर्केस्ट्रा बहुतांशी गाण्यांच्या मधल्या जागांत वाजतो. बँड थांबतो तेव्हा ऑर्केस्ट्रा बोलतो. दोघांची टक्कर जवळपास होतच नाही, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

बीटल्सचं ‘अ डे इन द लाइफ’. १० फेब्रुवारी १९६७ ला लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या मोठ्या स्टुडिओत ४० वादक बसवले. गाण्यात २४ बारची (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली होती. जॉर्ज मार्टिन यांनी प्रत्येकाला आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरावरून २४ बारांत वर चढायला सांगितलं, शेजाऱ्याचं ऐकायचं नाही ही अट घालून. हे चार वेळा रेकॉर्ड करून एकावर एक चढवलं, म्हणजे कानाला १६० वादक. रिकाम्या जागेत बार मोजणारा आवाज आणि शेवटी वाजलेलं गजराचं घड्याळ आजही रेकॉर्डमध्ये ऐकू येतं.

डीप पर्पलचा १९६९ चा ‘कन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’. जॉन लॉर्ड यांनी तीन मूव्हमेंट (रचनेचे स्वतंत्र भाग) लिहिल्या. रॉयल फिलहार्मोनिक, कंडक्टर माल्कम आर्नल्ड, जागा रॉयल अल्बर्ट हॉल, तारीख २४ सप्टेंबर. इथे बँड आणि ऑर्केस्ट्रा सवाल-जवाब करतात.

मेटालिकाचा ‘एस अँड एम’. एप्रिल १९९९ मध्ये बर्कलीत दोन रात्री, सोबत सॅन फ्रान्सिस्को सिंफनी, लेखन आणि कंडक्टिंग मायकेल केमन यांचं. गाणी बहुतेक जुनी, जशीच्या तशी. ऑर्केस्ट्रा वरून चढवलेला. ऐकायला थरारक, पण अनुकरणाला सर्वांत अवघड, कारण मूळ गाण्यांत ऑर्केस्ट्रासाठी जागा सोडलेलीच नव्हती. काही ठिकाणी दोघं एकाच लोकलच्या डब्यात कोंबल्यासारखे वाटतात. जिथे केमननी सुरुवातीला किंवा मध्ये ऑर्केस्ट्राला एकट्याला सोडलं, तिथे मात्र अंगावर काटा येतो.

आमचं गाणं पूर्ण रेकॉर्ड झालंय. आता वरून स्ट्रिंग्ज टाकल्या तर चालेल?

चालेल, पण बहुतेक वेळा गाण्यातून आधी काहीतरी काढावं लागतं. सगळ्यात जास्त फसतं ते इथेच. दोन डिस्टॉर्टेड गिटार डाव्या-उजव्या टोकाला, मध्ये बेस, वर क्रॅश सिंबल, शिवाय की-बोर्डचं पॅड (मागे लांब धरलेला भरणीचा आवाज). या भिंतीला कुठेही फट नाही. त्यात ४० वादक ओतले तरी ऐकणाऱ्याला ‘मागे काहीतरी चाललंय’ एवढंच कळतं. मग मिक्सिंगवाल्याला शिव्या बसतात. दोष त्याचा नसतो, अरेंजमेंटचा असतो.

अरेंजरला (कोणतं वाद्य काय वाजवणार ते लिहिणाऱ्याला) गाणं देण्याआधी हे करून बघा:

– पॅड आणि ऑर्गनचे ट्रॅक म्यूट करा. ते स्ट्रिंग्जचंच काम करत होते.
– ज्या बारांत ऑर्केस्ट्राने पुढे यायचं, तिथे दुसरी गिटार बंद करा. पहिलीचा गेनही (अ‍ॅम्पवर आवाज फाटण्याचं प्रमाण) एक पायरी उतरवा. गेन जास्त म्हणजे गिटार मोठी, हा गैरसमज आहे. जास्त गेनमध्ये नोटची कड जाते आणि नुसता घोंगाट भरतो.
– राइड किंवा क्रॅशवर सतत चालणारा ठेका हाय-हॅटवर आणा.
– प्रत्येक गाण्यात निदान आठ बार असे ठेवा की जिथे बँड गप्प किंवा जवळपास गप्प असेल. ते सुरुवातीलाच असायला हवेत असं नाही. दुसऱ्या कोरसनंतर आले तर जास्त परिणाम होतो.

गिटार आणि स्ट्रिंग्ज नेमक्या कुठे आदळतात?

आकड्यांत बघू (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं). गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झ. चेलोची ६५, व्हायोलाची १३१, व्हायोलिनची १९६. म्हणजे चेलो आणि व्हायोला गिटारच्याच घरात राहतात. गिटार डिस्टॉर्ट केली की तिचे ओव्हरटोन (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर) चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत पसरतात आणि व्हायोलिनच्या खालच्या दोन तारांचा आवाजही गिळतात. सिंबल त्याच्या वरचा भाग घेतात. डबल बेस आणि बेस गिटार दोघांची खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास, तिथे तर उघड भांडण.

यातून वाट अशी निघते. पॉवर कॉर्डमध्ये मूळ स्वर आणि पंचम असतो, गंधार नसतो. कॉर्ड मेजर की मायनर हे गिटार सांगतच नाही. ती जागा ऑर्केस्ट्राची. ई पॉवर कॉर्ड चालू असताना दोन हॉर्न आणि व्हायोला यांना मधल्या सी च्या जवळचा जी धरायला सांगा, लगेच मायनर होतं. तोच जी-शार्प केला की आभाळ उघडतं. मात्र हाच गंधार चेलोला खाली, गिटारच्या सप्तकात दिला तर चिखल होतो.

व्हायोलिनला गिटारच्या वर, निदान एक सप्तक सोडून, आणि शक्यतो पहिल्या-दुसऱ्या व्हायोलिनांना तीच ओळ एकमेकांपासून एका सप्तकाच्या अंतरावर वाजवू द्या. पाच सुरांची दाट कॉर्ड लिहायचा मोह होतो. डिस्टॉर्शनच्या जोडीला दोन सप्तकांतली एकच ओळ त्याच्या दुप्पट मोठी वाटते.

रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ) चेलोंना दुहेरी द्यायची असेल तर छोट्या बोइंगने (बो म्हणजे गज, तो चालवण्याची पद्धत), तोडून. त्याने आवाज वाढत नाही, पण प्रत्येक नोटच्या सुरुवातीला लाकडाचा खरखरीत ठोका येतो आणि रिफला दात फुटतात. त्यापेक्षा जास्त लागू पडणारी युक्ती: गिटार दोन बार रिफ वाजवून थांबते, पुढचे दोन बार तीच रिफ एकटे चेलो घेतात.

बासरीचं खालचं सप्तक बँडसोबत लिहू नका. ऐकू येणार नाही. ओबो मात्र पातळ दिसला तरी आरपार जातो.

किती वादक पुरे होतात?

गाणं काय मागतं त्यावर. बीटल्सच्या १९६६ च्या ‘एलिनॉर रिग्बी’त फक्त आठ स्ट्रिंग वादक आहेत: चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. माइक अगदी वाद्याजवळ, म्हणून आवाज मोठा नाही पण बोचरा आहे.

ढोबळ पायऱ्या: चार जणांचं क्वार्टेट शांत गाण्याला. बारा जण (पहिली व्हायोलिनं ४, दुसरी ३, व्हायोला २, चेलो २, डबल बेस १) म्हणजे ‘सेक्शन’ वाटायला लागण्याची सुरुवात. बावीस जण (८, ६, ४, ३, १) असतील तर खरा गालिचा. मोठ्या सिंफनीत हेच आकडे १६, १४, १२, १०, ८ पर्यंत जातात, पण ते हॉलसाठी.

एक सापळा लक्षात ठेवा. एकाच ओळीवर दोन व्हायोलिनं हा सगळ्यात वाईट आकडा. दोघांच्या सुरातला बारीक फरक उघडा पडतो. एक चालेल, तीन चालतील.

पैसे कमी असतील तर पूर्ण ऑर्केस्ट्राची छोटी नक्कल करू नका. दहा स्ट्रिंग्ज आणि दोन हॉर्न घ्या. एक फ्लूट, एक ओबो, एक ट्रंपेट, एक ट्रॉम्बोन असं प्रत्येकी एक गोळा केलं की आवाज लग्नाच्या बँडकडे झुकतो.

पट्टी कोणती ठेवावी?

गिटारवाल्यांना ई आणि ए प्रिय, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी तीन आणि पांढरी सहा. स्ट्रिंग्जना त्याचं काही नाही. अडचण ब्रास आणि क्लॅरिनेटची. बी-फ्लॅट ट्रंपेट आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी स्वर एक पूर्ण टोन वर लिहावे लागतात, म्हणून तुमचं ई मेजर त्यांच्या कागदावर एफ-शार्प मेजर होतं: सहा शार्प. एफ हॉर्नच्या कागदावर बी मेजर, पाच शार्प. वाजवतील, पण पहिल्या वाचनात चुका होतील आणि त्या चुकांचे पैसे तुम्ही भराल.

गिटार अर्धा सूर उतरवून काळी दोनवर आणली, म्हणजे ई-फ्लॅट, तर ट्रंपेटला एफ मेजर मिळतं (एक फ्लॅट) आणि हॉर्नला बी-फ्लॅट मेजर (दोन फ्लॅट). कितीतरी रॉक बँड तसेही अर्धा सूर खाली वाजवतात. गायकाचा गळा परवानगी देत असेल तर हा बदल फुकटात मिळणारा सर्वांत मोठा फायदा आहे. फक्त स्ट्रिंग्जची मोकळ्या तारांची चमक थोडी कमी होते.

ट्यूनिंग ४४० की ४४२?

हे आकडे म्हणजे ए या स्वराचे हर्ट्झ. ऑर्केस्ट्राचा आकडा आधी फोनवर विचारून लेखी घ्या. बँडचे ट्यूनर कारखान्यातून ४४० वर लावलेले येतात. युरोपातले अनेक ऑर्केस्ट्रा ४४२ किंवा ४४३ वर वाजवतात. ४४० आणि ४४२ मधला फरक जवळपास आठ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). एकट्याने ऐकलं तर कळत नाही, पण गिटारच्या लांब कॉर्डवर व्हायोलिनं बसली की कडेला आंबटपणा येतो आणि तो कुठून येतोय हे शोधण्यात रात्र जाते.

बँड आधी रेकॉर्ड झाला असेल तर ऑर्केस्ट्राने बँडच्या सुरात यावं. स्ट्रिंग्ज सहज येतात. ग्लॉकनस्पील, व्हायब्राफोन यांचे पट्टे कापूनच येतात, त्यांना वर-खाली करता येत नाही. ती वाद्यं कोणत्या सुराची आहेत ते वेगळं विचारा.

एसीचंही बघा. वादक आले तेव्हा एसी चालू आणि टेकच्या वेळी आवाज नको म्हणून बंद, असं केलं की अर्ध्या तासात खोली तापते. उष्णतेने फुंकवाद्यं चढतात आणि तारा उतरतात. दोघं उलट दिशेला. खोलीचं तापमान सेशनच्या दोन तास आधीपासून स्थिर ठेवा आणि दर ब्रेकनंतर ओबोच्या ए या स्वराशी सगळ्यांना पुन्हा सूर जुळवायला लावा. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे दुप्पट पाळा.

मिडीवर सगळं वाजवलंय. तेच छापून वादकांना देता येईल का?

नाही. कच्च्या मिडीतून (की-बोर्डवर वाजवलेल्या स्वरांची संगणकातली नोंद) निघालेला कागद पाहून वादक काही बोलत नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतात. त्यात सहसा काय चुकलेलं असतं: बोट थोडं उशिरा उचललं म्हणून प्रत्येक नोटला बत्तिसाव्या भागाची शेपटी, ई-फ्लॅटच्या गाण्यात डी-शार्प, हळू-मोठ्याच्या खुणा शून्य, कुठे एका बोमध्ये घ्यायचं आणि कुठे तोडायचं याचा पत्ता नाही, ट्रॉम्बोनला २४ बार श्वास घ्यायला जागा नाही. संगणकाला फुप्फुसं नसतात, त्यामुळे ही शेवटची चूक स्वतः वाजवताना लक्षातच येत नाही.

अरेंजर आणि कॉपीइस्ट हे दोन वेगळे हुद्दे आहेत, कधी माणूस एकच असतो. अरेंजर कोण काय वाजवणार ते ठरवतो. कॉपीइस्ट प्रत्येकाचा कागद वाचण्याजोगा करतो. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये हे काम अनेक दशकं मुख्यतः गोव्याहून आलेल्या वादकांनी सांभाळलं. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. देशी चालीखाली पाश्चात्त्य स्ट्रिंग्ज कशा घालायच्या याचा धडा हवा असेल तर शंकर-जयकिशन यांची गाणी हेडफोन लावून फक्त व्हायोलिनं ऐकत ऐका. गायक गात असताना ती किती कमी बोलतात, आणि तो श्वास घेतो तिथे किती नेमकी येतात.

कागद तयार करताना:

बार नंबर प्रत्येक बारावर छापा आणि ते तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या नंबरांशी जुळवा. ही फार होणारी चूक आहे. प्रोजेक्टमध्ये दोन बारचा काउंट (गाण्याआधीची मोजणी) धरून गाणं तिसऱ्या बारापासून सुरू होतं आणि कागदावर पहिल्यापासून. मग कंडक्टर म्हणतो ‘सत्तेचाळीसपासून’, इंजिनिअर एकोणपन्नास शोधतो आणि दिवसभर हाच गोंधळ.

स्ट्रिंग्जमध्ये दोघांत एक स्टँड (कागद ठेवायचा) असतो. पान उलटण्याची जागा विश्रांतीच्या बारांत आणा, नाहीतर त्या क्षणी अर्धा सेक्शन गप्प होतो आणि कागदाची फडफड रेकॉर्ड होते. तीन पानं असतील तर चिकटपट्टीने जोडून सरळ पसरवा. प्रत्येक पार्टच्या (एका वाद्याच्या कागदाच्या) दोन जादा प्रती आणि पन्नास पेन्सिली, पेन नव्हे.

क्लिक कसा द्यायचा?

क्लिक म्हणजे ठेका मोजणारी टिकटिक. एका कानाचा बंद हेडफोन, दुसरा कान मोकळा, म्हणजे शेजारी ऐकू येतो. बावीस वादकांना बावीस हेडफोन आणि वर तीन. क्लिकसोबत बँडचा बारीक मिक्स द्या. त्यात ड्रम, बेस आणि गायक पुरेसे. डिस्टॉर्टेड गिटार कमी ठेवा, तिच्यामुळे सूर ऐकू येत नाही.

क्लिकचा आवाज टोकदार नको. लाकडी ठोकळ्यासारखा मंद आवाज माइकमध्ये कमी गळतो. गळती नेमकी कुठे पकडली जाते, तर गाण्याच्या शेवटी, व्हायोलिनं विरत असताना. म्हणून शेवटच्या कॉर्डवर क्लिक बंद होईल असं आधीच प्रोग्राम करा आणि कंडक्टरला सांगून ठेवा.

बँडने क्लिकशिवाय वाजवलं असेल तर ड्रमच्या ट्रॅकवरून बारागणिक टेम्पो मॅप (कुठे किती वेग आहे याची नोंद) काढावा लागतो. चार मिनिटांच्या गाण्याला यात सहज दोन-तीन तास जातात. ते सेशनच्या आदल्या आठवड्यात करा. वादक खुर्च्यांवर बसलेले असताना नाही.

सगळं बरोबर वाजवलं तरी ऑर्केस्ट्रा मागे का पडतो?

दोन कारणं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मुख्य माइकपासून दहा मीटरवर बसलेला टिंपनीवाला २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दुसरं, बो तारेवर पकड घेऊन सूर भरायला वेळ लागतो, तर स्नेअर क्षणात फुटतो. म्हणून तबलजीला ‘समेवर आला’ वाटेल अशी स्ट्रिंग्जही ड्रमच्या जोडीला ढिली वाटते.

उपाय सोपा आहे: मिक्समध्ये स्ट्रिंग्जचे सगळे ट्रॅक एकत्र १० ते ३० मिलिसेकंद पुढे सरकवून ऐका. एकेक नोट ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठेक्याच्या रेघांवर) ओढू नका. सगळे काटेकोर झाले की बावीस माणसं एका की-बोर्डसारखी वाटतात, मग खर्च कशासाठी केला?

आधी बँड रेकॉर्ड करायचा की आधी ऑर्केस्ट्रा?

ड्रम, बेस आणि कामचलाऊ गिटार आधी. मग ऑर्केस्ट्रा. खरी गिटार आणि गायन शेवटी. गिटारिस्टने ऑर्केस्ट्रा ऐकून वाजवलं तर तो आपोआप जागा सोडतो. उलट क्रमात ते होत नाही. गायकाचंही तसंच.

माइक कुठे लावायचे?

कंडक्टरच्या डोक्यावर सुमारे तीन मीटर उंचीवर तीन ओम्नी (सगळ्या दिशांनी ऐकणाऱ्या) माइकचा त्रिकोण, डावा-उजवा दोन मीटर अंतरावर आणि मधला दीडेक मीटर पुढे. लंडनच्या डेका कंपनीत रुळलेली ही मांडणी ‘डेका ट्री’ म्हणून ओळखली जाते. शुद्ध सिंफनीसाठी एवढ्यावर बरंच भागतं. रॉकसाठी भागत नाही, कारण खोलीचा आवाज जास्त आला की गिटारच्या भिंतीपुढे सगळं धुरकट होतं. म्हणून दर दोन स्टँडमागे एक जवळचा माइक, चेलोंना वेगळे, डबल बेसला वेगळा. शांत गाण्यात ट्री वर आणा, जड गाण्यात जवळचे माइक.

खोलीची उंची निदान पाच-सहा मीटर हवी. खालच्या छतावरून परतलेला आवाज व्हायोलिनला डबक्यात बसवतो.

बारा वादकांकडून चोवीस-छत्तीस जणांचा आवाज काढता येतो का?

येतो. तीनदा वाजवून थर लावतात. पण तेच वादक, तीच वाद्यं, त्याच खुर्च्या आणि तेच माइक ठेवले तर थर एकमेकांत फेज होतात (लहरी एकमेकींना खातात) आणि आवाज मोठा होण्याऐवजी कोरस पेडल लावल्यासारखा लोंबतो. प्रत्येक फेरीत जागा बदला, पहिल्या व्हायोलिनवाल्यांना दुसऱ्यांचा पार्ट द्या, एखाद्या फेरीत माइक मागे न्या.

सँपल लायब्ररीसोबत (खऱ्या वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले स्वर) चार-सहा खरे वादक मिसळणं हा अल्बमच्या जगात सर्रास चालणारा मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. साठच्या दशकात मेलोट्रॉन हा की-बोर्ड हेच करत होता: प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा, साधारण आठ सेकंद वाजून संपणारा. सँपल खाली, खरे वादक वर; वरची ओळ, लांब नोटचा फुगवटा आणि गाण्याची शेवटची नोट नेहमी खऱ्या माणसाची.

एका सेशनमध्ये किती काम होतं?

लंडनसारख्या ठिकाणी सेशन तीन तासांचं धरतात. तयारी चोख असेल तर त्यात दहा मिनिटांचं पक्कं संगीत धरून चाला. पाच गाणी, प्रत्येकी तीन मिनिटं ऑर्केस्ट्रा, म्हणजे पंधरा मिनिटं, दोन सेशन. थर लावणार असाल तर तीन.

अवघड गाणं पहिलं घेऊ नका, शेवटचंही नको. पहिली वीस मिनिटं हेडफोन आणि खुर्च्यांतच जातात. ब्रासचं वरच्या सुरांचं काम पहिल्या तासात उरका, नंतर ओठ थकतात. कंट्रोल रूममधून एकानेच बोलायचं. बँडचे चौघं चार सूचना देतात तेव्हा कंडक्टर नम्रपणे सगळ्यांना हो म्हणतो आणि कुणाचंच होत नाही.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात वादक मिळतात का?

मिळतात. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाढलेले स्ट्रिंग वादक मुंबईत आहेत, आणि गोव्यात चर्चच्या संगीतशिक्षणातून नोटेशन वाचणारी माणसं तयार होत आली आहेत. व्हायोलिन आणि चेलो जमतात. फ्रेंच हॉर्न, बासून (खर्जातलं फुंकवाद्य) आणि व्हायोला यांची आगाऊ खात्री करा.

मुंबईच्या वादकांकडे रॉकवाले पूर्वीही वळले आहेत. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये इथल्या वादकांसोबत आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ती २०१५ मध्ये त्यांच्या ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत आली. उलट दिशेचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी ऑर्केस्ट्रा हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. झिंगाटच्या गर्दीत हे विसरायला होतं. ‘याड लागलं’ची सुरुवात पुन्हा ऐका.

परदेशातल्या ऑर्केस्ट्राकडून इंटरनेटवर थेट ऐकत रेकॉर्ड करून घेता येतं. तिथे कागद आणखी चोख हवेत. त्यांना तुमचं गाणं माहीत नसतं आणि ‘जरा दर्द आणा’ ही सूचना कुठल्याच भाषेत बारागणिक लिहिलेली नसते. लिहावी लागते.

हार्मोनियम, शहनाई, तबला जोडायचे असतील तर?

तबला लावून घेता येतो. हार्मोनियमचे सूर कारखान्यात बसलेले असतात आणि अनेक पेट्या ४४० वर नसतात. ट्यूनरवर प्रत्येक पट्टी तपासा. नाही जुळली तर दुसरी पेटी आणा. शहनाईला ओबोच्या जागी बसवू नका, दोघांना एकत्र तर अजिबात नको.

मिक्समध्ये सुरुवात कुठून करायची?

गिटारचे फेडर (आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकपट्ट्या) खाली घेऊन. आधी ड्रम, गायक आणि ऑर्केस्ट्रा बसवा, मग गिटार आत आणा आणि व्हायोलाची ओळ बुडायला लागली की थांबा. गिटारला ८०-१०० हर्ट्झच्या खाली आणि सात-आठ हजारांच्या वर कापा. २५० ते ५०० या पट्ट्यात चेलो, हॉर्न आणि गिटार तिघं गर्दी करतात; तिथे ज्याची त्या क्षणी गरज नाही त्याला दोन-तीन डेसिबल खाली घ्या, पूर्ण गाण्यासाठी नव्हे, तेवढ्या बारांपुरतं. डबल बेस आणि बेस गिटारपैकी ६० हर्ट्झखाली एकालाच राहू द्या.

रिव्हर्ब एकच खोली वाटेल असा. ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये आणि ड्रम कपाटात, असं झालं तर दोन रेकॉर्डं एकाच वेळी चालू आहेत असं वाटतं. ड्रमचा थोडा भाग ऑर्केस्ट्राच्या रिव्हर्बला पाठवा.

मास्टरिंगमध्ये सगळं चेपून सपाट केलं की सर्वांत आधी ऑर्केस्ट्रा लहान होतो. त्याचा मोठेपणा शांत बारांच्या फरकातूनच येतो. मास्टरिंगवाल्याला हे शब्दांत सांगा.

लाइव्ह अल्बम करायचा असेल तर?

ड्रमभोवती पारदर्शक पडदे, गिटारचे अ‍ॅम्प स्टेजच्या बाहेर, बँडला इन-इअर मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायला कानातले हेडफोन). स्टेजवर अ‍ॅम्प ठेवला तर व्हायोलिनच्या माइकमध्ये व्हायोलिनपेक्षा गिटार जास्त येते आणि ती नंतर काढता येत नाही. दोन रात्री वाजवा. एका रात्रीची चूक दुसऱ्या रात्रीतून भरता येते.

कागदोपत्री काय लागतं?

प्रत्येक वादकाकडून एक पान: रक्कम, तारीख, कोणत्या गाण्यांसाठी, रेकॉर्डिंग कुठे-कुठे वापरणार, नाव कसं छापायचं. अरेंजरशी वेगळा करार, कारण त्याने लिहिलेलं हे त्याचं काम आहे आणि पुढे तेच पार्ट लाइव्ह वाजवायचे असतील तर त्याचा उल्लेख आत्ताच हवा. पैसे सेशनच्या दिवशीच द्या.

सेशन झाल्यावर काय जपून ठेवायचं?

डीप पर्पलच्या त्या कन्चेर्टोची मूळ स्वरलिपी १९७० मध्ये हरवली. पुढे मार्को द गूइ या डच संगीतकाराने रेकॉर्डिंग ऐकून ऐकून ती पुन्हा लिहून काढली आणि १९९९ च्या सप्टेंबरमध्ये, तीस वर्षांनी, रचना त्याच हॉलमध्ये लंडन सिंफनीसोबत पुन्हा वाजली.

म्हणून: पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) आणि सगळे पार्ट पीडीएफमध्ये. तेच म्युझिकएक्सएमएलमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा स्वरलिपीचा फाइल-प्रकार), कारण आजचं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी उघडेलच असं नाही. टेम्पो मॅपसह मिडी फाइल. प्रत्येक माइकचा ट्रॅक पहिल्या बारापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइलमध्ये, सगळ्यांची सुरुवात एकाच बिंदूवर. ट्यूनिंगचा आकडा आणि क्लिकचा वेग फोल्डरच्या नावातच. वादकांनी पेन्सिलीने खुणा केलेले कागद रद्दीत टाकू नका, स्कॅन करा. ठरलेलं बोइंग आणि सेशनमध्ये सुधारलेल्या नोटा फक्त तिथेच असतात.